शब्दचर्चा: 'बसतो' आणि 'जुळतो'

प्रश्न: केबल जोडणाऱ्या पोरांसाठी मराठीत एक तक्ता करतोय. 'कंपॅटिबल'साठी 'सुसंगत' लिहिलं, तर एकाने विचारलं, "म्हणजे बसतो ना?" बीएनसीचे (कॅमेऱ्याच्या केबलच्या टोकाचे, जरा फिरवून अडकवायचे) ५० आणि ७५ ओहमचे कनेक्टर तर एकमेकांत बसतात. मग त्यांना सुसंगत म्हणू का? आणि 'इंपीडन्स'ला, म्हणजे बदलत्या सिग्नलला होणाऱ्या या ओहममधल्या विरोधाला, 'रोध' चालेल?

उत्तर: 'रोध' नको, तो रेझिस्टन्सचा शब्द. सीसीटीव्हीची ७५ ओहमची आरजी-५९ केबल दोन्ही टोकं मोकळी ठेवून मल्टिमीटरने मोजून बघा. मधली तार आणि जाळी यांच्यात ७५ कुठेच दिसणार नाही. केबल दहा मीटर असो की शंभर, तिचा आकडा मात्र ७५च. तो ठरतो तारेची जाडी, जाळीचा व्यास आणि दोन्हींमधलं प्लास्टिक यांवरून. मी 'संरोध' लिहितो. केबलचा म्हणून वेगळा सांगायचा तर 'अंगचा संरोध' म्हणावं, असं मला फार दिवस वाटतंय.

दुसरं उत्तर: 'सुसंगत' काढाच. पोराने बरोबर जागी बोट ठेवलंय. बीएनसी बसतो, पण जुळत नाही. ५० ओहमची केबल ७५च्या केबलला जोडली की सांध्यावरून लहर थोडी मागे फिरते: दोन्हींतला फरक २५ भागिले बेरीज १२५, म्हणजे ०.२, शक्तीच्या हिशेबात ४ टक्के. नुसता कनेक्टर चुकीचा असेल तर तो तुकडा इतका आखूड, की साध्या कॅमेऱ्याच्या चित्रात फरक कळतही नाही. एचडी-एसडीआयसारख्या (हाय-डेफिनिशन व्हिडिओच्या) वेगवान सिग्नलला मात्र तोही नडतो.

एन-टाइपची, म्हणजे आट्यांनी बसणाऱ्या मोठ्या कनेक्टरची, गोष्ट वेगळी. त्यात ५०ची पिन जाड असते. मी एकदा ती ७५च्या फीमेलमध्ये (पिन शिरते त्या बाजूत) घातली. हाताला जरा जड लागलं, तरी आटे फिरवत गेलो. आतल्या पाकळ्या फाकल्या, आणि मग ७५ची योग्य पिनही त्यात सैल बसू लागली. कनेक्टर टाकून द्यावा लागला.

प्रश्नकर्ता: मग दोन रकाने करतो, 'बसतो का' आणि 'जुळतो का'. एन-टाइपच्या ओळीत '५०चा मेल ७५मध्ये घालू नका' हे ठळक लिहितो. पण उलट केलं तर? ७५ची बारीक पिन ५०च्या फीमेलमध्ये?

दुसरं उत्तर: मोडत काही नाही, आटेही पूर्ण बसतात. पण पिन आत नीट टेकत नाही, सिग्नल येतो-जातो. तिथे 'बसतो, पण टेकत नाही' असंच लिहा.