प्रति: समुपदेशक नेमले की झालं?

"जवानांच्या आत्महत्या रोखायच्या तर युनिटमध्ये समुपदेशक नेमा" असं कुणीतरी लिहिलंय. ठीक, पण जवान त्यांच्याकडे जायला बिचकतो. लष्कराच्या 'शेप' वैद्यकीय वर्गवारीत पहिलाच 'एस' मानसिक आरोग्याचा. तो घसरला की बढती, पोस्टिंग सगळंच अडायची भीती. मग "साहेब, झोप लागत नाही" हे सांगणार कोण?

शिवाय ताणाचं मूळ सीमेवरच असतं असं नाही. आमच्या साताऱ्याकडे बघा: भावकीने बांध कोरला, मोजणी पुन्हा पुढे गेली, आई फोनवर रडतेय आणि पोरगं तिकडे काश्मीरमध्ये कुपवाड्यात रजेची वाट बघतंय. अशा वेळी कमांडिंग ऑफिसर जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहू शकतात. घरच्यांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही जावं. (व्याख्यानं कितीही ठेवा, वेळेवर मिळालेली रजा जास्त कामाची, हे माझं मत.)

टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन. तिचा सैन्यदलांसाठीचा खास कक्ष पुण्याच्या एएफएमसीत (सैन्यदलांचं वैद्यकीय महाविद्यालय) १ डिसेंबर २०२३ ला सुरू झाला. टेली-मानसचा नंबर १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. घरच्यांनाही चालतो. पोराचे फोन अचानक तुटक यायला लागले, तर आधी त्याला सरळ विचारा, आणि हा नंबर तुम्हीच लावा.