नेट कार्ब उणे १९?

स्नेहा (बी ४०२): लो-कार्बचा हिशेब कुणाला नीट येतो का? जवसाच्या क्रॅकर्सचं पाकीट हातात आहे. १०० ग्रॅममागे कार्बोहायड्रेट ५, फायबर २४. नेट कार्ब, म्हणजे अंगी लागणारे कार्ब, काढायला कार्बमधून फायबर वजा करायचं ना? उत्तर उणे १९ येतंय 😄

मुकुंदकाका (ए १०१): मग आधी भात हाण आणि वरून हे खा, हिशेब शून्य!

वैशाली (सी ३०३): काका 🙏 स्नेहा, पाकीट युरोपातलं आहे का?

स्नेहा: हो गं, नणंदेने आणलंय.

वैशाली: तरीच. युरोपच्या लेबलवर कार्बोहायड्रेटच्या आकड्यात फायबर धरतच नाहीत, त्याची ओळ वेगळी. तो ५ म्हणजेच तुझे नेट कार्ब. अमेरिकेच्या लेबलवर 'टोटल कार्बोहायड्रेट'मध्ये फायबर धरलेलं असतं, तिथे वजा करायचं.

निखिल (बी २०१): मी खाण्याचा हिशेब ठेवणाऱ्या ॲपवर सोडून देतो. ते आपोआप वजा करतं.

वैशाली: ॲपमधल्या बऱ्याच नोंदी लोकांनीच पाकिटावरून टाकलेल्या असतात. युरोपच्या आकड्यातून ॲपने पुन्हा फायबर वजा केलं की तू खुशाल जास्त खाणार. उणे आलं तर निदान शंका तरी येते. खरी फसगत ९ चे ४ होतात तेव्हा, कुणाच्या लक्षातही येत नाही.

स्नेहा: पाकीट कुठलं ते माहीत नसेल तर?

वैशाली: बेरीज करून बघ. बदाम घे. १०० ग्रॅममध्ये प्रथिनं साधारण २१, फॅट ५०, कार्ब साडेएकवीस, फायबर साडेबारा. पहिल्या तिघांचेच ९२ झाले, उरलेलं पाणी आणि क्षार. फायबर वेगळं धरलं तर १०५! १०० ग्रॅममध्ये १०५ ग्रॅम मावतील कसे? म्हणजे फायबर कार्बच्या आतच आहे. वजा कर, ९ उरतात. सगळ्याच पदार्थांना ही युक्ती चालत नाही, भाजीत पाणीच इतकं असतं की काही कळत नाही. पण सुक्यामेव्याला आणि बियांना छान लागू पडते.

निखिल: बरं, माझ्या प्रोटीन बारवर पुढेच मोठ्या अक्षरात 'नेट कार्ब ३' लिहिलंय. तो तरी खरा धरू?

वैशाली: मागची बाजू वाच.

निखिल: टोटल कार्ब २३, फायबर ९, माल्टिटॉल ११.

वैशाली: २३ उणे ९ उणे ११, आले ३. पण माल्टिटॉल, म्हणजे साखरेऐवजी गोडीला घातलेलं शुगर अल्कोहोल, पूर्ण वजा करायचं नसतं. त्यातला बराचसा भाग अंगी लागतो आणि रक्तातली साखर वाढते, खायच्या साखरेने वाढते त्यापेक्षा कमी, पण वाढते. लो-कार्बवाले अर्धंच वजा करतात. तसं केलंस तर साडेआठ. त्याच जातीतलं एरिथ्रिटॉल असतं तर पूर्ण वजा केलं तरी चाललं असतं, ते जवळजवळ तसंच बाहेर पडतं. आणि अमेरिकेच्या एफडीएच्या (तिथलं अन्न-औषध खातं) नियमांत 'नेट कार्ब' या शब्दाची व्याख्याच नाही. पुढची मोठी अक्षरं कंपनीची.

निखिल: आणि मी दिवसाला दोन खातो 🤦

मुकुंदकाका: तरीच याचं पोट गुरगुरतं, लिफ्टमध्ये ऐकू येतं.

वैशाली: काका, तेही माल्टिटॉलच असेल 😄 जास्त झालं की जुलाबही होतात.

अनघावहिनी (ए १०२): वैशाली, आमच्याकडे ह्यांचं जेवणाआधीचं इन्सुलिन चालू आहे. कार्ब मोजूनच युनिट ठरवतात. त्यांनीही फायबर वजा करायचं का?

वैशाली: वहिनी, तिथे आपल्या मनाने काही वजा करू नका. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनसुद्धा टोटल कार्बच धरायला सांगते. सगळंच फायबर सारखं नसतं, काही थोडं पचतंही. जास्त वजा झालं तर डोस कमी पडेल. आणि मुळात कार्ब कमी करणार असाल तर डोस आधी डॉक्टरांकडून बदलून घ्या, नाहीतर साखर एकदम खाली जाईल.

अनघावहिनी: बरं झालं विचारलं. सोमवारी तपासणीला जायचंच आहे, तोवर आहे तसंच चालू ठेवते.