क-३०३ चा कोयंडा

ब-१०४ : सर्वांना नमस्कार. काल सायंकाळी साडेसातच्या सुमारास, निम्मी सोसायटी गड्ड्याच्या जत्रेला गेलेली असताना, क-३०३ च्या कोयंड्यात कोणीतरी पहार घातली. कोयंडा वाकला, एक स्क्रू निखळून जिन्यात पडला, दार मात्र उघडले नाही. आज तक्रार द्यायला गेलो, तर "काही गेलेलेच नाही, मग गुन्हा कसला?" हे ऐकून परत यावे लागले.

क-३०१ : रात्रीचा वॉचमन नेमावा, असे मी दिवाळीतच लिहिले होते.

अ-२०२ : तिथले दादा पुण्याला असतात. घरात चादरींच्या गठ्ठ्याशिवाय होते काय? मला तर चोराचीच कीव येते.

वकीलकाका : चादरींचा प्रश्नच नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम ६२, म्हणजे १ जुलै २०२४ पूर्वीचे भादंवि ५११, यासाठीच आहे. त्यातल्या उदाहरणात पेटी फोडणाऱ्याला आत दागिने सापडत नाहीत, तरी तो दोषीच ठरतो. शिक्षा मूळ गुन्ह्याच्या कमाल कैदेच्या निम्म्यापर्यंत. चोरीसाठी रात्री केलेल्या घरफोडीला १४ वर्षे, म्हणून प्रयत्नाला ७ वर्षांपर्यंत.

ब-३०५ : साडेसातला रात्र कशी होते?

वकीलकाका : कायद्यात सूर्यास्त ते सूर्योदय ही रात्र.

ब-१०४ : तो इसम दुपारीच पिशवी घेऊन जिन्यात घुटमळताना कॅमेऱ्यात दिसतो. तेव्हाच का धरता आले नसते?

वकीलकाका : पहार आणणे, बंद घर हेरणे ही तयारी, दरोड्यासारखे अपवाद सोडले तर तिला सहसा शिक्षा नाही. पहार कोयंड्यात अडकली की प्रयत्न. मात्र ही रेघ दरवेळी इतकी ठळक नसते. वसईजवळ खाडीकाठी चांदीसह पकडलेल्यांना, चांदी होडीत चढलेली नसतानाही, सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली तस्करीच्या प्रयत्नासाठी दोषी धरले.

ब-३०५ : मग माझी स्कूटर गेटपर्यंत ढकलत नेली होती, तेव्हा "नुसता प्रयत्न होता, सोडून द्या" असे सचिवांनीच मला ऐकवले होते.

वकीलकाका : ती पूर्ण चोरी होती. लबाडीच्या इराद्याने वस्तू जागची हलवली की चोरी झाली.

सचिव : जुने विषय कृपया सभेत मांडावेत. उद्या दहा वाजता आम्ही लेखी तक्रार घेऊन पुन्हा जात आहोत. जिन्यात पडलेला स्क्रू कोणी उचलला असल्यास आणून द्यावा, तो पुरावा आहे.

अ-२०२ : सकाळीच जिना झाडून झाला, सचिवसाहेब.

क-३०१ : वॉचमन असता तर त्याने तो जपून ठेवला असता.