बांधलेल्या घराचा स्लॅब कापून स्कायलाइट: लाखभर रुपये घालावेत का?

मधली_खोली (पुणे)

माझं मत आधीच सांगतो. उभ्या घराचा स्लॅब कापून छतात काच बसवणं साध्या पगारदार माणसाला परवडणारं नाही, आणि परवडलं तरी करू नये.

आमचं बैठं रो-हाउस आहे. दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती, उजेड फक्त पुढून आणि मागून. मधल्या जेवणाच्या खोलीत भर दुपारीही दिवा लागतो. वर थेट गच्ची, म्हणून चार बाय चार फुटांच्या स्कायलाइटचं एस्टिमेट घेतलं. ते असं: काच ८ हजार, फ्रेम १४ हजार, डायमंड कटरने स्लॅब कापणं आणि खालून टेकू देणं १८ हजार, भोकाभोवती लोखंडी चॅनेलची चौकट २२ हजार, स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी १० हजार, गच्चीवर भोकाभोवतीचा कठडा आणि वॉटरप्रूफिंग १२ हजार, खालची जाळी ६ हजार, आतलं प्लास्टर-रंग ८ हजार. झाले ९८ हजार. वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे १ लाख १५ हजारांच्या पुढे, आणि त्यात काच फक्त आठ हजारांची!

आता वाचणार काय ते बघा. त्या खोलीत नऊ वॉटचे दोन एलईडी दिवे आहेत. रोज बारा तास चालू ठेवले तरी वर्षाला ऐंशी युनिटच्या आत. युनिटला दहा रुपये धरले तरी आठशे रुपये. पैसे वसूल व्हायला १४० वर्षं लागतील.

आणि ऊन? मे महिन्याच्या मध्यात पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोबर डोक्यावर असतो. त्या वेळी आडव्या काचेवर चौरस मीटरला सुमारे हजार वॉट पडतात. चार बाय चार म्हणजे दीड चौरस मीटर. साध्या काचेतून एक किलोवॉटहून जास्त उष्णता आत येणार, म्हणजे डोक्यावर इस्त्री चालू ठेवून जेवायला बसायचं. ज्यांनी केलंय त्यांनी सांगावं, हा खर्च कशासाठी?

ओसरी (सांगली)

दादा, तुमचा हिशोब बरोबर आहे, पण तो फक्त वीजबिलाचा आहे. त्या खोलीत दिवसभर कोण असतं, हे तुम्ही लिहिलंच नाही.

आमच्या घराचं मागचं स्वयंपाकघर असंच कोंडलेलं होतं. सासूबाई तांदूळ निवडायला ताट घेऊन पुढच्या दारात येऊन बसायच्या, कारण आत ट्यूबलाइटखाली पांढऱ्या तांदळातला पांढरा खडा दिसायचा नाही. मिरच्यांचा देठ, भाजीतली अळी, कपड्यावरचा डाग, सगळं दारात नेऊन बघायचं. घर नव्याने बांधलं तेव्हा स्वयंपाकघरावर तीन बाय तीनची काच ठेवून घेतली. आता सासूबाई ओट्याजवळच बसतात. सकाळी किती वाजले हे घड्याळ न बघता कळतं, पाऊस आला तर दोरीवरचे कपडे वेळेत निघतात. हे सगळं आठशे रुपयांत कसं बसवायचं? आपण हॉलच्या फॉल्स सीलिंगवर लाख रुपये घालतो तेव्हा किती वर्षांत वसूल होणार असं कुणी विचारत नाही. स्वयंपाकघराची पाळी आली की मात्र हिशोबाची वही निघते. मला याचा खरंच राग येतो.

खर्चाचं म्हणाल तर आम्हाला सगळं मिळून चाळीस हजारांच्या आतबाहेर पडलं, कारण स्लॅब टाकतानाच सेंटरिंगमध्ये, म्हणजे स्लॅबच्या साच्यातच, जागा सोडली होती. कापाकापी नाही, चॅनेल नाही. तेव्हा तुमची तक्रार स्कायलाइटबद्दल नाही, उशिरा आठवण झाल्याबद्दल आहे.

वीट_वाळू_सिमेंट (नाशिक)

ओसरीताईंच्या शेवटच्या वाक्याशी सहमत. मी बांधकामात आहे. नवीन स्लॅबमध्ये भोक ठेवायचं तर कापल्या जाणाऱ्या सळयांच्या बदली तेवढ्याच सळया भोकाच्या चारी कडांना द्यायच्या आणि कोपऱ्यात तिरप्या सळया टाकायच्या, म्हणजे तडे जात नाहीत. दोन-तीन हजारांचं लोखंड जादा लागतं. तेच उभ्या स्लॅबमध्ये करायचं तर मुख्य सळया तुटतात, त्यांचा भार घ्यायला खालून चौकट द्यावीच लागते. मूळ एस्टिमेटमधले चॅनेलचे २२ हजार आणि इंजिनिअरचे १० हजार हे सगळ्यात प्रामाणिक आकडे आहेत. 'कशाला इंजिनिअर, मी हातोड्याने फोडून देतो' म्हणणारा मिस्त्री भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. हातोड्याने फोडलं की आजूबाजूचा स्लॅबही हादरतो आणि कोब्याला बारीक चिरा पडतात. गळती काचेतून होत नाही, त्या चिरांतून होते, आणि नाव काचेचं खराब होतं.

पण उष्णतेच्या मुद्द्यावर मी मधली_खोली यांच्या बाजूने आहे. आपल्या अक्षांशावर सपाट, साध्या काचेचा स्कायलाइट चुकीचाच. उत्तरेकडे तोंड करून उभी काच घ्या. म्हणजे भोकाभोवतीचा कठडा दोन-अडीच फूट वर न्या, वर पक्कं झाकण टाका आणि काच फक्त उत्तरेच्या बाजूला. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य पुण्याच्या उत्तरेला असतो, पण तो इतका वर असतो की फूटभर छज्जा पुरतो, आणि त्यातला बराच काळ ढगच असतात. बाकी वर्षभर शांत उजेड.

आढं_वासे (चिपळूण)

तुम्ही शहरातली मंडळी लाखाच्या गोष्टी करताय. आमच्याकडे माजघरावर काचेची दोन कौलं आहेत, नळीच्या कौलांच्या जागी मंगलोरी आली तेव्हापासून. एका कौलाला आज काही शे रुपये पडतात. जुनं कौल काढायचं, हे बसवायचं, माणूस दहा मिनिटांत खाली.

खर्च नंतरचा. चुलीचा धूर बसतो, वरून शेवाळ धरतं, म्हणून मृगाआधी घर शाकारताना काढून धुवावं लागतं. वानरांचा टोळका आला की पहिली उडी काचेच्याच कौलावर, असं वाटावं इतकी ती फुटतात, त्यामुळे पडवीत दोन जादा ठेवलेली असतात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-हरिहरेश्वरच्या बाजूला कौलं पानांसारखी उडाली, पण फुटलेलं एकेक कौल बदलता येतं. स्लॅबमधली एक मोठी काच गेली तर भर पावसात तुम्ही काय करणार? आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. शेजारच्या वाडीत एकाने बंगल्याच्या जिन्यावर काच बसवली. पावसाळ्यात वर ताडपत्री असते. चार महिने झाकायची वस्तू छतात बसवू नये. माझा स्लॅबवरच्या काचेला विरोध आहे.

कटर_सिलिकॉन (कोल्हापूर)

ताडपत्री वाचून वाईट वाटलं. काम नीट केलं तर गळत नाही. मी फॅब्रिकेशन करतो, म्हणून पैसे कुठे वाचवले जातात ते उघड सांगतो.

पहिलं म्हणजे काच. स्वस्त कोटेशनमध्ये नुसती टफन, म्हणजे तापवून कडक केलेली काच असते. टफन काच क्वचित आपोआपही फुटते, काचेत निकेल सल्फाइडचा कण राहिला तर. फुटली की सगळे तुकडे थेट खाली, आणि खाली जेवणाचं टेबल. डोक्यावर नेहमी लॅमिनेटेडच हवी: सहा मिमीच्या दोन टफन काचा आणि मध्ये दीड मिमीचा पीव्हीबी, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकचा थर. ती फुटली तरी थराला चिकटून जागेवर राहते. चौरस मीटरला तीस किलोच्या आसपास वजन येतं, त्यामुळे फ्रेम पातळ पट्टीची चालत नाही. एस्टिमेटमध्ये सोळा चौरस फुटांना आठ हजार लावलेत, म्हणजे पाचशे रुपये फूट. हा लॅमिनेटेडचा दर आहे. कुणी दोनशेत देत असेल तर ती लॅमिनेटेड नाही, एवढं समजा.

दुसरं सिलिकॉन. नळी उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते काम तिथेच थांबवा. ते ॲसिडवालं सिलिकॉन लोखंडाला गंज आणतं आणि लॅमिनेशनच्या कडाही खराब करतं. न्यूट्रल सिलिकॉन मागा, नळीमागे थोडेच पैसे जास्त पडतात. कठडा गच्चीच्या तयार फरशीपेक्षा किमान सहा इंच वर, आणि काचेला उतार, सपाट कधीच नाही. सपाट काचेवर पाणी साचतं, धूळ साचते, कडेचा जोड कायम ओला राहतो. बहुतेक गळतीचं मूळ हेच.

आणि पॉलिकार्बोनेट! लोक म्हणतात पिवळं पडतं. बऱ्याच शीटला उन्हातले युव्ही किरण अडवणारा थर एकाच बाजूला असतो, वरची फिल्म काढून फेकली की कारागिराला बाजू कळत नाही आणि शीट उलटं बसतं. मग दोन-तीन उन्हाळ्यांत पिवळं पडणारच. जिन्यावर, डक्टवर चांगलं पॉलिकार्बोनेट बसवायला माझी हरकत नाही, पैसे बरेच वाचतात. फक्त पावसाचा आवाज सहन करायची तयारी ठेवा.

माळवद (लातूर)

आमच्या माळवदाच्या घराला सवणं, म्हणजे छतातलं भोक होतं, धूर जायला आणि उजेड यायला. पाऊस आला की कुणीतरी वर जाऊन झाकायचं. खर्च शून्य. पण तेव्हा भिंती दोन-अडीच फुटांच्या आणि छतावर मातीचा जाड थर होता, खोली मुळातच थंड असायची. आजच्या पाच इंची स्लॅबला तेच भोक पाडलं तर तो गारवा कुठून येणार?

आमच्याकडचा दुसरा मुद्दा गारपीट. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात जी झाली ती बघितलेल्याला छतात काच ठेवायची इच्छा होणार नाही. कटरभाऊ म्हणतील टफन टिकते. टिकत असेल, पण त्या रात्री खालच्या पलंगावर झोप लागेल का?

पत्र्याच्या घरांचं कुणी बोललंच नाही. ब्राझीलमधल्या उबेराबा गावात अल्फ्रेडो मोझर नावाच्या मेकॅनिकने २००२ मध्ये प्लॅस्टिकच्या बाटलीत पाणी आणि थोडं ब्लीच भरून ती पत्र्यात अर्धी आत, अर्धी बाहेर बसवली. दिवसा चांगल्या बल्बएवढा उजेड. लाखाची चर्चा करायची त्यांनी करावी, पण ज्यांच्या घरी दिवसा अंधार आहे त्यातल्या बहुतेकांच्या डोक्यावर पत्रा आहे. एक पारदर्शक पत्रा बदलायला किती लागतं ते आधी विचारा.

तिसरा_मजला (ठाणे)

आमचा फ्लॅट सगळ्यात वरचा आहे. वर गच्चीच. हॉलमध्ये स्कायलाइट चालेल का?

वीट_वाळू_सिमेंट (नाशिक)

नाही. गच्ची आणि स्लॅब सोसायटीचे, तुमचे नाहीत. सोसायटीने परवानगी दिली तरी पालिकेची आणि इंजिनिअरची लागेल, आणि गळती झाली की आयुष्यभर भांडण. खिडकी मोठी करता येते का ते बघा, तीही विचारून.

पागोळी (न्यू जर्सी)

इथे आमच्या घरात तीन आहेत आणि आम्ही फार खूश आहोत. पण इथलं छप्पर लाकडी वाशांचं आणि उतरतं असतं, दोन वाशांच्या मध्ये कापून तयार युनिट बसवलं की काम एका दिवसात होतं. शिवाय थंडीत आत येणारं ऊन हवंच असतं. इथले फोटो बघून पुण्यात तसंच करू नका, एवढंच सांगायला आले.

मधली_खोली (पुणे)

सगळ्यांचे आभार. ओसरीताई, तुमचा राग रास्त आहे. आमच्याकडेही त्या खोलीत आईच जास्त वेळ असते, आणि फॉल्स सीलिंगचा मुद्दा मला मान्य आहे.

पण उत्तरेच्या उभ्या काचेने माझा मूळ आक्षेप जात नाही. ऊन टळेल, कापाकापीचे आणि चॅनेलचे पैसे मात्र तेवढेच लागणार, उलट कठडा वाढला म्हणून थोडे जास्त. म्हणून वेगळं विचारतो. पुढची खोली आणि मधली खोली यांच्यातली भिंत चार इंची आहे. तिचा वरचा अडीच फुटांचा पट्टा काढून तिथे काच घातली तर पुढच्या खिडकीचा उजेड आत येईल. मिस्त्री पंधरा हजार म्हणाला.

ओसरी (सांगली)

येईल, पण उसना घेतलेला उजेड आहे तो. पुढच्या खोलीत पडदा ओढला की आईंच्या खोलीत परत अंधार. लाख नसतील तर पंधरा हजारांचं करा, नक्की करा, पण दोन्ही सारखंच असं म्हणू नका. डोक्यावरचं आकाश आणि पलीकडच्या खोलीतली खिडकी यांत फरक असतो, आणि तो पैशाच्या बाजूने बोलताना सोयीने विसरला जातो.

वीट_वाळू_सिमेंट (नाशिक)

भिंत फोडण्याआधी वर बीम आहे का ते प्लॅनमध्ये बघा. बीम असेल तर त्याच्या खालून मोजा, अडीच फूट मिळणार नाहीत, दीड मिळतील. भिंत चार इंची असली तरी भार घेत नाही हे धरून चालू नका, जुन्या बैठ्या घरांत मी उलटं पाहिलंय. आणि समोरची खिडकी कुठल्या दिशेला आहे?

मधली_खोली (पुणे)

पूर्वेला. म्हणजे दुपारी बारानंतर काही उपयोग नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. मागची बाजू पश्चिमेला आहे, तिकडच्या भिंतीलाही तसाच पट्टा काढला तर दोन्ही वेळा मिळून दिवस निघेल. तीस हजार. उद्या प्लॅन शोधतो आणि बीमची मापं इथे टाकतो.