मदत हवी आहे: पोस्टग्रेस १५ (डेटाबेस) मध्ये एकूण मेमरीवर मर्यादा कशी घालावी?

नमस्कार. आमच्या दूध संघात दर १० दिवसांनी उत्पादकांची बिले निघतात. सर्व्हरला ३२ जीबी रॅम आहे, स्वॅप (डिस्कवरची जादा मेमरी) नाही. शेअर्ड_बफर्स (सर्व प्रोसेसची सामाईक मेमरी) ८ जीबी आणि वर्क_मेम (क्वेरीतील सॉर्ट, हॅश अशा कामांची मेमरी) ६४ एमबी ठेवले आहे. पोस्टग्रेस १३ वर हे सगळे विनातक्रार चालत होते. १५ वर आल्यापासून मात्र बिलांच्या दिवशी लिनक्सचा ओओएम किलर (मेमरी संपल्यावर प्रोसेस मारणारी यंत्रणा) एखाद्या बॅकएंडला, म्हणजे एका कनेक्शनच्या प्रोसेसला, सिग्नल ९ देऊन तडकाफडकी मारतो, आणि शेअर्ड मेमरी बिघडली असेल या शक्यतेने पोस्टमास्टर (पोस्टग्रेसची मुख्य प्रोसेस) उरलेली सर्व कनेक्शने तोडून रिकव्हरी सुरू करतो. एका अहवालापायी सगळ्या संकलन केंद्रांवरचे काम थांबते, आणि रांगेत उभ्या असलेल्या शेतकऱ्याला ताटकळावे लागते, याचे फार वाईट वाटते.

सुरुवातीला मोजणीच चुकत होती. टॉप या कमांडमधील आरईएसची (प्रोसेसने रॅममध्ये व्यापलेल्या जागेची) बेरीज रॅमपेक्षाही जास्त यायची, कारण हाताळलेले शेअर्ड बफर्स प्रत्येक प्रोसेसच्या खात्यात पुन्हा पुन्हा धरले जातात. म्हणून आता लिनक्सच्या स्मॅप्स_रोलअप फाइलमधील पीएसएस पाहतो, ज्यात सामाईक मेमरी प्रोसेसमध्ये वाटून धरली जाते. बॅकएंडची मेमरी कुठे गेली हे लॉगमध्ये लिहिणारे पीजी_लॉग_बॅकएंड_मेमरी_कॉन्टेक्स्ट्स हे फंक्शन चालवल्यावर हॅशबॅचकॉन्टेक्स्टच्या (हॅशने घेतलेल्या मेमरीच्या) मोठमोठ्या ओळी उमटल्या, तेव्हा उलगडा झाला: हॅशला वर्क_मेमच्या किती पट मेमरी मिळावी हे ठरवणाऱ्या हॅश_मेम_मल्टिप्लायरचे मूळ मूल्य १३ मध्ये १ होते, १५ मध्ये ते २ झाले आहे. म्हणजे प्रत्येक हॅशला १२८ एमबी. अहवालात ६ हॅश आणि दोन पॅरलल वर्करांसह ३ प्रोसेस धरल्या, तर एकच क्वेरी २ जीबीच्या वर जाऊ शकते.

मूल्य पुन्हा १ केल्यावर त्रास कमी झाला, पण थांबला नाही. वर्क_मेम ही प्रत्येक सॉर्ट किंवा हॅशची मर्यादा आहे, संपूर्ण सर्व्हरची नव्हे. मला हवे आहे ते एवढेच, की मेमरी मागणाऱ्या त्या एका क्वेरीला 'आउट ऑफ मेमरी' अशी त्रुटी मिळावी आणि इतरांची कनेक्शने टिकावीत. सीग्रुपची (लिनक्समधील प्रोसेसच्या गटाची) मेमरीमॅक्स मर्यादा लावली तरी शेवटी सिग्नल ९ च येतो, त्यामुळे तो मार्ग सोडला आहे.

लिनक्सची व्हीएम.ओव्हरकमिट_मेमरी २ करून (म्हणजे ठरलेल्या मर्यादेपलीकडची मेमरी मागतानाच नाकारली जाईल), त्या मर्यादेत रॅमचा किती टक्के भाग धरायचा तो रेशो ५० वरून ८० वर नेण्याचा विचार आहे. तसे केल्यास त्याच यंत्रावरच्या बॅकअप स्क्रिप्टलाही मेमरी नाकारली जाईल का, याची धास्ती वाटते. की सिस्टमडीच्या (लिनक्समधील सेवा चालवणाऱ्या प्रणालीच्या) लिमिटएएस या सेटिंगने प्रत्येक प्रोसेसला, शेअर्ड_बफर्सचे ८ जीबी धरून, १२ जीबीची मर्यादा घालणे बरे? प्रत्यक्ष चालत्या सर्व्हरवर यांपैकी काही वापरले असेल, तर कृपया आपली मूल्ये आणि आलेल्या अडचणी सांगाव्यात. पुढची बिले २१ तारखेला आहेत. त्याआधी चाचणी सर्व्हरवर करून पाहीन आणि निकाल इथेच लिहीन.