मदत हवी आहे : धनराज पिल्लेच्या जर्सीचा नंबर

२९ ऑगस्टला क्लबमध्ये फ्लेक्स लावतोय : प्रत्येक जर्सी नंबरासाठी भारताचा सर्वोत्तम हॉकीपटू. १६ वर वादच नाही, श्रीजेश. पॅरिसच्या ब्राँझनंतर २०२४ मध्ये हॉकी इंडियाने सीनियर संघातून तो नंबरच निवृत्त केला. २८ राणी रामपालचा, तोही निवृत्त. १३ हरमनप्रीत, ७ मनप्रीत.

घोडं अडलंय ते धनराजवर. आम्ही खडकीचे, त्यामुळे त्याच्याशिवाय फ्लेक्स लागणं शक्यच नाही! पण त्याला कोणत्या नंबरावर बसवायचं? जुन्या खेळाडूंना विचारलं, प्रत्येकाचा आकडा वेगळा आणि आवाज तेवढाच ठाम. कात्रणं चाळली, तर फोटो सगळे समोरून. एकात स्टिक उंचावलेली, केस उडतायत, पाठ मात्र दिसतच नाही. यूट्यूबवरच्या जुन्या क्लिप इतक्या धूसर की ३ आणि ८ सारखेच दिसतात.

फक्त सीनियर भारतीय संघाचा नंबर हवा. लीगचा किंवा क्लबचा चालणार नाही. 'माझ्या आठवणीप्रमाणे' नको, तसं इथे भरपूर आहे. पाठीमागून काढलेला फोटो, स्कोअरशीट किंवा स्पर्धेची पुस्तिका असेल तर उत्तम. मनप्रीतशी टक्कर झाली तर काय, ते आम्ही आपसात भांडून ठरवू.

तर १९९८ च्या बँकॉक एशियाडमध्ये, कोरियाला टायब्रेकरवर हरवून सुवर्ण घेतलं त्या फायनलला, कॅप्टन धनराजच्या पाठीवर कोणता नंबर होता? आणि २००० च्या सिडनी ऑलिम्पिकला तोच होता का?