खंडुरींसारखा फौजी माणूस आपल्या मुंबई-गोवा महामार्गाला मिळाला असता तर?

दापोलीची लेक
बाबा बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलातून, सुभेदार म्हणून निवृत्त झाले. या गणपतीला त्यांना घेऊन मुंबईहून दापोलीला येताना माणगावच्या अलीकडे गाडी दोन तास जागची हलली नाही. बाबांनी काच खाली केली, कडेचा भराव नीट न्याहाळला आणि म्हणाले, "खालचा थर दाबलाच नाही, वर माती ओढलीय. पहिल्या पावसात बसणार." मग बराच वेळ गप्प. नंतर म्हणाले, "खंडुरीसाहेब हवे होते."

भुवनचंद्र खंडुरी. 1954 मध्ये लष्कराच्या इंजिनिअर कोअरमध्ये अधिकारी झाले, 1990 मध्ये मेजर जनरल म्हणून निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी गढवालमधून खासदार. वाजपेयींच्या सरकारात 2000 ते 2004 महामार्ग खातं त्यांच्याकडे होतं. दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता जोडणाऱ्या सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामाने वेग घेतला तो याच काळात. आणि आपला पनवेल-इंदापूर हा 84 किलोमीटरचा तुकडा 2011 मध्ये रुंदीकरणाला घेतला, तो किती वर्षं रखडला ते इथल्या प्रत्येकाने अंगावर काढलंय. माझं मत स्पष्ट आहे: अशा कामावर निवृत्त जनरल नेमावा आणि पूर्ण अधिकार द्यावेत.

खेडचा बांधकामवाला
ताई, बाबांनी भरावाबद्दल सांगितलं ते शंभर टक्के खरं. पण निष्कर्ष मला मान्य नाही. कोकणातलं सर्वांत मोठं काम ज्यांनी उभं केलं, त्या श्रीधरन यांचा लष्कराशी काही संबंध नव्हता. रेल्वेचे इंजिनिअर. 1990 मध्ये कोकण रेल्वेचं स्वतंत्र महामंडळ निघालं आणि 26 जानेवारी 1998 ला रोहा ते मंगळूर या पूर्ण मार्गावर पहिली गाडी सुटली. नव्वदच्या वर बोगदे, रत्नागिरीजवळ 64 मीटर उंचीचा पानवलचा पूल. हे झालं कारण महामंडळ वेगळं होतं, रोखे काढून पैसा उभा करता येत होता आणि निर्णय जागेवर होत होते.

चतुष्कोनाचंही तेच. त्याची पायाभरणी जानेवारी 1999 मध्ये झाली, म्हणजे खंडुरी खात्यात येण्याच्या आधी. पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे 1 रुपया उपकर बसवून पैशाची सोय केली होती. आणि 5,846 किलोमीटर पूर्ण झाल्याचं जाहीर व्हायला 2012 उजाडलं. खंडुरींनी काम रेटलं हे मान्य. पण पैसा आणि अधिकार नसते तर गणवेशाने काय केलं असतं?

कणकवलीकर
माका ह्या पटाक नाय. तुम्ही दोघेही रस्त्याबद्दल बोलताय, जमिनीबद्दल कोणीच नाही. आमच्या नऊ गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर 37 नावं आहेत. निम्मे हिस्सेदार मुंबईत, तिघे वारलेले आणि वारसनोंद नाही. मोबदल्यासाठी आई एका कार्यालयात चार वर्षं खेपा घालत होती. पिशवीत फेरफाराचे उतारे, जुनं रेशनकार्ड, चुलत्याचा मृत्यूचा दाखला. दर वेळी नवा साहेब आणि नवा कागद. जनरलच्या हुकमाने वारसनोंद होत नाही हो. तिथे बाकावर बसून सदतीस जणांचं ऐकून घेणारा माणूस लागतो, आणि फौजेत ऐकून घ्यायची नाही, हुकूम ऐकायची सवय लागते.

दापोलीची लेक
कणकवलीकर, आईंचं वाचून वाईट वाटलं. पण शेवटचं वाक्य मागे घ्या. कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात आठवा. 1953 मध्ये कोरियात हिंदी सैन्याची तुकडी त्यांच्या हाताखाली होती. मायदेशी जायला नकार देणारे बावीस हजारांवर युद्धकैदी सांभाळायचे होते. कैद्यांनी एक भारतीय अधिकारी पकडून ठेवला, तेव्हा थोरात स्वतः त्या खवळलेल्या जमावात गेले आणि गोळी न झाडता त्याला सोडवून आणलं. ऐकून घेणं याहून वेगळं काय असतं? पूर्व विभागाचे प्रमुख असताना 1960 मध्ये 'लाल किल्ला' सराव घेऊन चीनच्या हल्ल्याचा अंदाज त्यांनी मांडला. दिल्लीने मनावर घेतलं नाही. निवृत्तीनंतर हेच लेफ्टनंट जनरल थोरात महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. म्हणजे मुलकी अधिकारी निवडायचं काम राज्याने एका फौजीवर सोपवलं होतं.

गुहागर किनारा
थोरातांबद्दल दुमत नाही. पण खंडुरींच्या काळाचा हिशेब मांडताना सत्येंद्र दुबेंना वगळू नका. बिहारमध्ये त्याच चतुष्कोनावर काम करणारा तरुण इंजिनिअर. कामातला भ्रष्टाचार त्याने थेट पंतप्रधानांना कळवला, नाव गुप्त ठेवा अशी विनंतीही केली. नाव गुप्त राहिलं नाही. 27 नोव्हेंबर 2003 ला गयेत त्याचा खून झाला. सीबीआयने तो लुटीतला खून ठरवला आणि 2010 मध्ये शिक्षाही झाल्या. पण पत्र लिहिणाऱ्याला खात्याने सांभाळलं नाही, हे उरतंच. वर जनरल बसला म्हणजे खाली साइटवरचा पोरगा सुरक्षित असतो, असं नाही.

दापोलीची लेक
हे बाबांना वाचून दाखवलं. ते लगेच काही बोलले नाहीत. चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, "त्या पोराला संरक्षण द्यायला हवं होतं. ती चूकच."

मीही मान्य करते. तरी एक सांगते. 2018 मध्ये संसदेच्या संरक्षणविषयक समितीचे अध्यक्ष खंडुरी होते. सैन्याची 68 टक्के सामग्री जुनाट झालीय, हे आपल्याच पक्षाचं सरकार असताना समितीच्या अहवालात छापून आलं. त्याच वर्षी त्यांचं अध्यक्षपद गेलं. असं लिहून देणारा माणूस मला माझ्या रस्त्यावर हवा आहे, फौजी असो वा नसो.

खेडचा बांधकामवाला
"फौजी असो वा नसो" म्हणालात, तिथे आपलं जुळलं. दिवाळीनंतर बाबांना घेऊन खेडला या. आमच्या इथल्या भरावाचे पावसाआधीचे आणि नंतरचे फोटो तारखांसकट ठेवलेत. त्यांनी बघून कागदावर लिहून दिलं तर माझ्या अर्जाला जोडतो.